आधी एक्सल, मग ऑइल

मोटरसायकलचे पुढचे शॉकअप ताठ झाले की पहिला उपाय सगळीकडे एकच सुचवला जातो: ऑइल बदला. त्याने भागलं नाही तर सील बदला, तेही करून झालं तर पाइप बदला. खर्च वाढत जातो आणि दोष कित्येकदा जागचा हलत नाही. याचं कारण ‘ताठ’ या एका तक्रारीखाली किमान तीन वेगवेगळे दोष दडलेले असतात. स्प्रिंग आणि तिच्याबरोबर दबणारी हवा हा एक, ऑइलचा विरोध हा दुसरा आणि धातूवर धातू किंवा रबर घासण्याचा विरोध हा तिसरा. ऑइल बदलल्याने यातला फार तर दीड दोष जातो. तिसरा, म्हणजे घर्षणाचा दोष, सर्वांत जास्त वेळा नजरेआड राहतो. आणि तपासायला तोच सर्वांत स्वस्त आहे, कारण त्यासाठी एक पाना आणि एक मोजपट्टी पुरते. म्हणून तपासाची सुरुवात घर्षणापासून करावी, असं या प्रकरणाचं म्हणणं आहे.

हे म्हणणं पारखायला चिखलीसारखं गाव सोयीचं आहे. बुलढाणा जिल्ह्याचे ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ असे दोन भाग लोक मानतात. चिखली घाटावर. इथून खामगावला जायचं तर उंद्री-अमडापूरच्या बाजूने घाटाखाली उतरावं लागतं. जालन्याचा रस्ता देऊळगाव राजावरून जातो आणि तिसरा मेहकरला. जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे, पण त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. तेव्हा मोटरसायकलवाल्याच्या वाट्याला उरतात ते जुने रस्ते, गावरस्ते आणि शेतातल्या पांदणी. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, त्यामुळे तिच्यावरचा डांबरी रस्ता फार दिवस सपाट राहत नाही. सकाळी मोकळी गेलेली गाडी परतताना मागे खताचं पोतं नाहीतर दुधाचे कॅन घेऊन येते. थंडीत पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास असतो आणि मे महिन्यात दुपारी चाळिशी ओलांडतो. शॉकअपची जेवढी म्हणून परीक्षा घेता येईल तेवढी इथे एकाच गाडीवर आणि एकाच वर्षात होते.

आज बहुतेक मोटरसायकलींना पुढे जी रचना असते ती तत्त्वतः जुनीच आहे. ऑइलने झटका मुरवणारे दुर्बिणीसारखे सरकते फोर्क कारखान्यातून नियमित निघणाऱ्या गाड्यांवर आणले ते बीएमडब्ल्यूने, १९३५ साली, आर १२ आणि आर १७ या मॉडेलांवर. चकचकीत क्रोम पाइप वर ‘टी’मध्ये, म्हणजे हँडलखाली दोन्ही पाइप धरणाऱ्या जोडात, आवळलेला असतो आणि खालचं अॅल्युमिनियमचं बॉटम चाकाबरोबर वरखाली सरकतं. आत स्प्रिंग, ऑइल आणि छिद्रं असलेली एक नळी. शॉकअप दबला की ऑइल त्या छिद्रांतून ढकललं जातं. या रचनेचा पसारा आता आपल्या दाराशी आहे. शॉकअप बनवणाऱ्या देशातल्या मोठ्या कंपन्यांपैकी एन्ड्युरन्स ही जालन्याच्या पलीकडे वाळूजची, आणि गॅब्रिएल पुण्याची. कारखान्यात पाइपची गोलाई, सरळपणा आणि क्रोमचा गुळगुळीतपणा फार बारकाईने सांभाळतात. एवढी कसरत कशासाठी, हे समजून घेतलं की पुढचा तपास सोपा होतो.

पाइप उभा नसतो, तो मागे कललेला असतो. साधारण २६-२७ अंशांनी. चाकावरचा भार मात्र सरळ खालून वर येतो. म्हणजे त्या भारातला काही भाग पाइपच्या रेषेत जातो आणि स्प्रिंग दाबतो, उरलेला पाइपला आडवा रेटतो. हा आडवा भाग भाराच्या जवळजवळ ४५ टक्के असतो. पुढच्या चाकावर ७० किलो असतील तर सुमारे ३१ किलोचा आडवा रेटा शॉकअपच्या दोन्ही पायांनी सतत सोसायचा, आणि तो सोसत असतानाच गुळगुळीत सरकायचंही. कित्येक लहान गाड्यांत तर मध्ये वेगळं बुशसुद्धा नसतं. क्रोमचा पाइप थेट अॅल्युमिनियमच्या भोकात सरकतो. थोडक्यात, घर्षण ही या रचनेची जन्मजात खोड आहे. कारखाना ते कमीत कमी ठेवून गाडी बाहेर पाठवतो. त्यात भर पडते ती पुढे, चाक काढताना आणि बसवताना.

चाकाचा एक्सल दोन्ही पायांतून आरपार जातो आणि एका टोकाला नट आवळतो. मधलं अंतर राखायला कॉलर असतात, एका बाजूला ब्रेक पॅनेल असतं, आणि जुन्या गाड्यांत स्पीडोमीटरचा गिअरही त्याच एक्सलवर बसतो. या गिअरची जीभ चाकातल्या खाचेत नीट बसली नाही, किंवा एखादा कॉलर हरवून त्या जागी वॉशर घातले गेले, तर नट आवळताना दोन्ही पाय एकमेकांकडे ओढले जातात नाहीतर दूर रेटले जातात. फरक एकदोन मिलिमीटरांचा असतो, डोळ्यांना दिसत नाही. पण दोन पाय समांतर राहिले नाहीत की शॉकअप जसजसा दबतो तसतसा आवळत जातो. पुढचा मडगार्डही यात भागीदार आहे. तो दोन्ही पायांना जोडलेला असतो. धडकेत त्याची पट्टी वाकली आणि ती तशीच ताणून बोल्ट मारले की पाय पिळले जातात. म्हणून ताठपणा कधीपासून जाणवतो, हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा. ट्यूब किंवा टायर बदलल्यानंतर, ब्रेक लायनर टाकल्यानंतर, पडझडीनंतर, असं उत्तर आलं तर ऑइलवर संशय घेण्याचं कारणच उरत नाही. ऑइल एका दिवसात खराब होत नाही. एक्सल मात्र पाच मिनिटांत चुकीचा बसतो.

तारखेवरून बांधलेला अंदाज पुराव्याशिवाय मान्य करायचा नसेल तर मोजणी आहे. घर्षण आणि ऑइल यांच्यात मूलभूत फरक आहे तो वेगाचा. ऑइलचा विरोध हालचालीच्या वेगावर अवलंबून असतो. अगदी सावकाश ढकललं तर तो जवळपास नाहीसा होतो. घर्षणाला वेगाचं काही देणंघेणं नसतं, सावकाश ढकललं तरी ते तेवढंच आडवं येतं. तेव्हा गाडी सपाट जागी सरळ उभी धरावी, पुढचा ब्रेक दाबू नये, आणि हँडल सावकाश खाली दाबून तितक्याच सावकाश सोडावं. शॉकअप जिथे थांबेल तिथे टीची खालची कड आणि बॉटमच्या तोंडावरचं डस्ट सील यांच्यातलं अंतर मोजावं. मग हँडल सावकाश वर उचलून हळूच सोडावं आणि तेच अंतर पुन्हा मोजावं. घर्षण नसतं तर दोन्ही मापं सारखी आली असती, कारण स्प्रिंगला थांबायची जागा एकच असते. मापांत जो फरक पडतो तो सगळा घर्षणाचा. समजा, दोन्ही स्प्रिंगा मिळून दर मिलिमीटरला एक किलोने दबतात आणि एकूण घर्षण दहा किलोचं आहे. तर दोन मापांत २० मिलिमीटरांचा फरक येईल. रस्त्याच्या भाषेत याचा अर्थ असा की दहा किलोपेक्षा कमी जोराचा कुठलाही धक्का शॉकअपला जागचा हलवणार नाही, तो थेट मनगटात येईल. बारीक खडी निघालेल्या रस्त्यावर हात बधिर होतात आणि मोठ्या खड्ड्यात मात्र शॉकअप ‘चालतो’, या नेहमीच्या तक्रारीचं स्पष्टीकरण बहुतेक वेळा इथे मिळतं.

आता एक्सलचा नट ढिला करावा, पाय एक्सलवर आवळणारा वेगळा बोल्ट असेल तर तोही, आणि मडगार्डचे बोल्टही; गाडी जागेवरून न हलवता हँडल पाचसात वेळा वरखाली करून तीच दोन मापं पुन्हा घ्यावीत. फरक बराच कमी झाला तर दोष जुळणीत होता हे सिद्धच झालं. मग आधी एक्सलचा नट, पुन्हा एकदोनदा हँडल दाबून पाय आपापल्या जागी बसू द्यायचे, मग आवळबोल्ट, शेवटी मडगार्ड, या क्रमाने सगळं घट्ट करावं. क्रमाचं महत्त्व इथेच आहे. पाय मोकळे असताना आपली जागा आपण शोधतात. आधीच आवळून टाकले तर जिथे सापडले तिथे अडकतात. ढिल्या नटावर गाडी चालवून बघू नये, हे सांगायची खरं तर गरज पडू नये. ब्रेक न दाबण्याची अटही उगाच नाही. गाडी घेताना लोक ब्रेक धरून शॉकअप दाबून बघतात, तेव्हा ब्रेकचा सगळा पीळ एकाच पायावर येतो आणि चांगला शॉकअपही अडखळतो.

यावर मिस्त्री लोकांचा आक्षेप ठरलेला असतो आणि तो अनुभवातून आलेला असल्याने वजनदार आहे: ऑइल बदललं की शॉकअप मऊ होतो, हे आम्ही रोज बघतो. ते खरं बघतात, यात शंका नाही. पण ऑइल बदलताना बहुतेक गाड्यांत चाक काढावं लागतं, मडगार्ड सोडावा लागतो, पाय टीतून उतरवावे लागतात. परत बसवताना एक्सल नव्याने आवळला जातो. म्हणजे दोन बदल एकाच वेळी झाले आणि श्रेय एकाला मिळालं. कोणत्या बदलाने फरक पडला हे ठरवायचं तर आधी फक्त एक्सल सोडून-आवळून बघायला हवं, आणि नेमकी तीच पायरी गाळली जाते. ऑइल बदलूनही ताठपणा तसाच राहिला, किंवा वाढला, अशाही गाड्या असतात. तिथे एक्सल पुन्हा वाकडा आवळला गेला असणं शक्य आहे. एकच काम कधी गुण देतं आणि कधी देत नाही, तेव्हा त्या कामात लक्षात न घेतलेलं दुसरं काहीतरी बदलत असतं.

ऑइलचा दोष नसतोच असं मात्र म्हणता येणार नाही. तो कधी असतो, याची खूण वर सांगितलेल्या वेगाच्या नियमातच आहे. हँडल सावकाश दाबलं तर सहज जातं, झटक्यात दाबलं तर थिजल्यासारखं होतं. किंवा पहाटे ताठ आणि दुपारी बरं, असं होत असेल तर ऑइलच बघावं. शॉकअपसाठीचं १० ग्रेडचं ऑइल न घालता इंजिनाचं २०डब्ल्यू-४० ओतलं जातं, ही इथली जुनी सवय. साध्या उष्ण हवेत ते साधारण तीनचार पट दाट असतं आणि थंडीत दोन्ही आणखी घट्ट होतात. शिवाय वर्षानुवर्षं न बदललेल्या ऑइलात पाणी आणि अॅल्युमिनियमची झीज मिसळून राखाडी गाळ बनतो आणि नळीची छिद्रं बारीक करतो. अशा वेळी जुनं ऑइल काढून आतली नळीही धुवावी लागते. नुसतं वरून नवं ओतण्यात अर्थ नाही.

याच्या जोडीला एक चूक अशी की तिच्याकडे कुणी चूक म्हणून बघत नाही. शॉकअप तळाला आपटू नये म्हणून ‘थोडं जास्त’ ऑइल घालणं. शॉकअपच्या वरच्या भागात कोंडलेली हवा असते आणि तीही स्प्रिंगसारखी दबते. हिशेब करून बघू. पाइप ३० मिलिमीटर जाडीचा धरला आणि शॉकअप ११ सेंटिमीटर दबला, तर आतली जागा सुमारे ७८ मिलिलिटरने कमी होते. आत १२० मिलिलिटर हवा असेल तर ४२ उरेल. दाब जवळपास तिप्पट होईल आणि एका पायाला साधारण १३ किलोचा जादा विरोध मिळेल. आता २० मिलिलिटर ऑइल जास्त घाला, म्हणजे चहाचे चार चमचे. हवा १०० मिलिलिटर, दबल्यावर २२. दाब साडेचारपट आणि विरोध २५ किलोच्या घरात. चार चमच्यांनी शेवटच्या टप्प्यातला हवेचा विरोध दुपटीजवळ गेला. सुरुवातीला ठीक, अर्ध्यानंतर एकदम भिंत, अशी तक्रार असेल तर हे लक्षात घ्यावं. लहान गाड्यांत एका पायात ऑइल असतंच मुळी दीडशे-दोनशे मिलिलिटर; त्यात ‘अंदाजे’ला जागा नाही. गाडीच्या पुस्तिकेतला आकडा बघून मोजपात्रानेच घालावं, आणि जुनं पूर्ण निथळल्याशिवाय घालू नये.

दुसरा आक्षेप रस्त्याचा आहे. आमच्याकडच्या रस्त्यांना आणि ओझ्यांना ताठच शॉकअप लागतो, मऊ केला तर आपटतो, असं म्हटलं जातं. ताठ स्प्रिंग आणि ताठ घर्षण एकच मानल्यामुळे हा आक्षेप पटण्यासारखा वाटतो. स्प्रिंग दबली की ऊर्जा साठवते आणि चाक परत रस्त्याला टेकवते. घर्षण जाताना अडवतं आणि येतानाही अडवतं. दाट ऑइलही येतानाच जास्त छळतं: लागोपाठच्या खळग्यांत चाक पूर्ण खाली यायच्या आत पुढचा खळगा येतो, शॉकअप दर धक्क्याला थोडा थोडा खाली बसत जातो आणि शेवटी ज्या तळाला आपटू नये म्हणून हे ऑइल घातलं तिथेच जाऊन पोचतो. ओझ्याबद्दलची समजूतही तपासण्यासारखी आहे. खताचं पोतं मागच्या चाकावर किंवा त्याच्याही मागे बसतं, त्यामुळे पुढचं चाक उलट हलकं होतं. शॉकअप लांब निघून वरच्या टोकाजवळ काम करू लागतो, आणि नेमक्या याच स्थितीत पाइप बॉटममध्ये सर्वांत कमी शिरलेला असल्याने आडव्या रेट्याचं घर्षण सर्वांत जास्त असतं. ओझ्याने पुढचा शॉकअप ताठ वाटतो तो असा. त्याला जाड ऑइल हा इलाज कसा होईल?

रस्त्याची बाजूही घ्यायला हवी, कारण कधी कधी शॉकअप खरंच निर्दोष असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांत गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितला आहे, ताशी २५ किलोमीटर वेग गृहीत धरून. त्या वेगाने त्यावर चढायला चाकाला पाव सेकंदाहून जरा जास्त वेळ मिळतो. गावाच्या वेशीवर, शाळेसमोर, कुणाच्या तरी आग्रहाखातर टाकलेला उभा उंचवटा तीच उंची फुटभरात गाठतो. हिशेबाने चाकाचा वर जाण्याचा वेग सहापट होतो. छिद्रातून जोरात जाणाऱ्या ऑइलचा विरोध साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे छत्तीसपट. टायर यातला काही भाग पोटात घेतो, हे धरलं तरी अशा ठिकाणी कुठलाही साधा शॉकअप दगडासारखाच लागणार. टायरचं नाव निघालंच आहे तर तेही बघून घ्यावं. १०० सीसीच्या बहुतेक गाड्यांत पुढच्या चाकात सुमारे २५ पीएसआय हवा सांगितलेली असते. पंक्चरच्या दुकानात मागचं-पुढचं न बघता ३५-४० भरली जाते, आणि मग ताठपणाचा आळ शॉकअपवर येतो.

सीलबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. नवं ऑइल सील सुरुवातीला घट्ट असतंच, थोड्या धावेनंतर बसतं. मात्र ते कोरडं न बसवता ओठांना ऑइल लावून बसवलं पाहिजे. पेरणीच्या दिवसांत पांदणीतला काळा गारा डस्ट सीलवर चढून वाळतो, तो खरवडू नये, पाण्याने भिजवून पुसावा. पाइपवर गंजाचे खड्डे पडले असतील तर नवं सीलही महिन्यात फाटेल, हे आधीच धरून चालावं. हँडल वळवताना जड जात असेल तर तो बॉल रेसरचा, म्हणजे हँडलच्या बेअरिंगचा, प्रश्न आहे, शॉकअपचा नाही.

एवढं करूनही दोन मापांतला फरक मोठाच राहिला तर पाइप किंवा टी वाकली असणार, आणि आता मात्र खिसा सैल करावा लागतो. बाहेर काढलेला पाइप जाड सपाट काचेवर लोळवला तर वाक दिसून येतो; डायल गेजवर बघायचं तर अनेक गाड्यांच्या पुस्तिकांत ०.२ मिलिमीटरची मर्यादा दिलेली असते. प्रेसवर पाइप सरळ करून देणारे आहेत आणि तो डोळ्यांना सरळ दिसतोही, पण वाकलेल्या जागी क्रोमला बारीक तडे गेलेले असतात. पुढे तिथूनच गंज आणि गळती सुरू होते. शिवाय एकदा वाकलेला पाइप तिथेच पुन्हा वाकायला सोपा असतो. पाइप नवाच घ्यायचा. मात्र तो विकत आणण्याआधी जुने पाइप टीमध्ये असतानाच त्या दोन्हींवर काचेची पट्टी आडवी टेकवून बघावी. पट्टी चारही ठिकाणी टेकली तर टी ठीक आहे. एक कोपरा डुगडुगला तर टी पिळली असण्याचा संशय धरावा, आणि नवे पाइप बसल्यावर त्याच पट्टीने पुन्हा खात्री करावी. कारण पिळलेल्या टीमध्ये नवा पाइपही पहिल्या दिवसापासून ताठच चालतो.